बटण बंद केल्यावर उरलेला करंट

४ मार्च

दादा,

सहा वर्षांनी पत्र लिहितेय तर आधी ख्यालीखुशाली विचारायला हवी. ती नंतर. आधी प्रश्न सात, भाग क.

परवाना मंडळाच्या वायरमन परीक्षेचा पेपर काढणाऱ्या समितीचा तू अध्यक्ष आहेस, आणि सातवा प्रश्न तुझाच आहे. समितीने काढला वगैरे सांगू नकोस. बॅटरीच्या चौकोनाला उगाच सावली काढणारा माणूस जगात एकच आहे.

तुला आठवत नसेल म्हणून लिहिते. बारा व्होल्टची बॅटरी, बटण, त्यापुढे चार ओहमचा रेझिस्टर. मग वाटेला दोन फाटे. एकात आठ ओहमचा रेझिस्टर, दुसऱ्यात कॉइल. पुढे फाटे एकत्र येऊन बॅटरीकडे परत. कॉइलला स्वतःचा रोध नाही असं धरायचं. भाग अ: बटण चालू केल्या क्षणी बॅटरीतून करंट किती? कॉइलमध्ये करंट एकदम शिरत नाही, म्हणून सगळा आठ ओहममधून जातो. बारा भागिले बारा, एक अँपिअर. ठीक. भाग ब: बराच वेळ गेल्यावर? आता कॉइल म्हणजे नुसती तार, सगळा करंट तिच्यातून. बारा भागिले चार, तीन अँपिअर. हेही ठीक. भाग क: आता बटण बंद केलं. त्या क्षणी आठ ओहमच्या रेझिस्टरमधून करंट किती?

तुझ्या आदर्श उत्तरपत्रिकेत लिहिलंय: शून्य, कारण बॅटरी तुटली.

शून्य? अरे, कॉइलमध्ये करंट एकदम शिरत नाही हे भाग 'अ'मध्ये तूच मान्य केलंस. मग तो एकदम मरेल कसा? बॅटरीची वाट तुटली म्हणून कॉइलमधले तीन अँपिअर आठ ओहमच्या रेझिस्टरमधून उलट्या दिशेने फिरणार. क्षणभरच, पण फिरणार. तीन गुणिले आठ, चोवीस व्होल्ट. बॅटरी बाराची आणि बंद करताना चोवीस! हीच तर कॉइलची सगळी गंमत, आणि हाच सगळा धोका. ही गोष्ट मला कोणी शिकवली ते मी इथे लिहीत नाही. तुला लाज वाटावी असा हेतू आहे, पण एका पत्रात किती.

तुला वाटेल, चार गुणांसाठी एवढा थयथयाट कशाला. म्हणून वायंडरबाईंबद्दल सांगते. माझ्या संध्याकाळच्या वर्गात येतात. वय बावन्न. नवऱ्याचं मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरींच्या कॉइल नव्याने गुंडाळायचं दुकान, पण सव्वीस वर्षं वाइंडिंग केलं बाईंनी. नवरा गेल्या वर्षी गेला. दुकानाचा परवाना त्याच्या नावावर होता, तो एप्रिलअखेर संपतो. बाईंच्या नावावर परवाना हवा तर ही परीक्षा पास व्हायला हवी, नाहीतर दुकानाला टाळं. पासाला पन्नास लागतात. बाईंना सत्तेचाळीस मिळाले. भाग 'क'ला काय लिहिलं होतं ते त्यांनीच मला सांगितलं: तीन अँपिअर, उलट्या दिशेने, चोवीस व्होल्ट. शून्य गुण. तपासणाऱ्याने लाल फुली मारली आहे. तपासणारा कोण, हा मुद्दा नाही. मुद्दा उत्तरपत्रिका काढणाऱ्याचा आहे.

वर्गात मी हा धडा घेतला तेव्हा बाई मागच्या बाकावरून म्हणाल्या होत्या, "मॅडम, यात शिकवायचं काय? लिफ्टच्या ब्रेकची कॉइल मी एकदा बटण बंद करून लगेच सोडवायला गेले. असा दणका बसला की दोन दिवस दात शिवशिवत होते. बटणाला कळतं बंद झालं. कॉइलला कुठे कळतं?"

दादा, ज्या बाईला हे दातांनी माहीत आहे तिला तू नापास केलंस. उत्तर दुरुस्त कर. एक अर्ज, एक सही, एवढंच काम आहे. ख्यालीखुशाली त्यानंतर.

तुझी बहीण


१७ मार्च

दादा,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, मंडळाचा छापील कागद! "महोदया, आपल्या निवेदनाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की आदर्श उत्तरपत्रिका अंतिम असून फेरतपासणीची तरतूद नाही." खाली तुझी सही.

महोदया! तुझ्या शाळेच्या दप्तरात बेडूक कोणी ठेवला होता ते आख्ख्या मंडळाला कळवू का, महोदया म्हणून?

"अनुषंगाने" काय, "तरतूद" काय! करंट तुझ्या तरतुदीने वाहतो का? चूक झाली असेल, मी समजू शकते. पेपर घाईत काढला असशील, बॅटरी गेली की सगळं गेलं असं क्षणभर वाटलं असेल. माणसाची चूक होते. पण चूक दाखवल्यावर तिच्यावर शिक्का मारून ती परत पाठवायची, याला चूक म्हणत नाहीत. मला जो शब्द सुचतोय तो आईला आवडला नसता.

सहा वर्षांपूर्वीही तू हेच केलंस. तुझ्या पुस्तकात अकरा चुका होत्या, मी दाखवल्या, तू बोलणंच टाकलंस. हो, त्या मी प्रकाशनाच्या कार्यक्रमात माइकवरून वाचून दाखवल्या. हो, पाहुण्यांसमोर. वहिनी रडली हेही मला माहीत आहे. मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं, मी अकरा बोलले. पण दुसऱ्या आवृत्तीत अकराच्या अकरा दुरुस्त केल्यास ना? गुपचूप? मी ते पुस्तक विकत आणून तपासलंय.

आता ऐक. परवा वर्गात आम्ही तुझा प्रश्न मांडला. कॉइल बाईंनी स्वतः गुंडाळली, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यावर, जाड तारेची, एकावर एक वेढे असे नीट की हात फिरवत राहावंसं वाटावं. आठ ओहमच्या जागी मोटारीचा छोटा दिवा लावला. वर्गात सतराजण. लिफ्ट दुरुस्त करणारा, दोन पंपवाले, एक शिवणयंत्रवाला, सगळे दिवसभर राबून आलेले. बटण चालू केलं, दिवा लागला आणि विझत विझत जेमतेम लालसर राहिला. करंट कॉइलकडे वळला होता. मग मी विचारलं, "आता बटण बंद केलं तर दिव्याचं काय होईल?"

पंपवाला म्हणाला, "विझेल. बॅटरीच नाही तर जळेल कशावर?"

बाईंनी बटण बंद केलं. दिवा असा भक्कन पेटला की पुढच्या बाकावरचे दोघे मागे सरले. मग विझला. शिवणयंत्रवाला म्हणाला, "आँ? परत करा." सात वेळा केलं. सातही वेळा तुझं शून्य भक्कन पेटलं.

बाई हसल्या नाहीत. त्याच दिवशी सकाळी निरीक्षक त्यांच्या दुकानाच्या दाराला नोटीस चिकटवून गेला होता. तीस एप्रिलनंतर काम केल्यास कारवाई. आत सहा मोटरी उघड्या पडल्यात, एका दवाखान्याच्या पाण्याच्या पंपाचीही. बाई म्हणाल्या, "नोटिशीला गोंद चांगला लावलाय, मॅडम. निघत नाही." आणि परत तार मोजायला लागल्या.

मंडळाकडे त्यांनी उत्तरपत्रिकेची प्रत मागितली आहे. मिळायला पंधरा दिवस लागतील म्हणे. मी त्यांना म्हटलं, प्रत कशाला, मुद्दा स्पष्ट आहे. त्या म्हणाल्या, "बघू तरी फुली कशी मारलीय."

दुरुस्त कर, दादा. तीस एप्रिलच्या आत.

बहीण (महोदया नव्हे)


३ एप्रिल

दादा,

वहिनीचा फोन आला होता. तू करायला सांगितलास की तिने आपणहून केला, विचारलं नाही. म्हणाली, "अहो, त्यांना कळलंय चुकलं ते. तुमचं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी ते टेबलावर कागद घेऊन बसले, आकृती काढली आणि नुसते बघत राहिले. पण अकराशे जणांचे निकाल फिरवायचे, जूनमध्ये निवृत्ती, सत्कार ठरलाय. आत्ताच कशाला? पुढच्या परीक्षेत बाई होतील की पास."

तुला कळलंय! म्हणजे छापील कागदावर सही केलीस तेव्हा तुला कळलेलं होतं. मी महिनाभर समजत होते की तू आंधळा आहेस, आणि तू डोळे मिटून बसला होतास.

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं. स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती. आता परत बसले आहे, कारण वहिनीचा फोन आला त्याच दिवशी बाईंना प्रत मिळाली.

त्या वर्ग सुटल्यावर थांबल्या. प्रत माझ्या टेबलावर ठेवली, सातव्या प्रश्नाचं पान वर. फुलीशेजारी परीक्षकाची आद्याक्षरं होती, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी.

"मॅडम, अशी शेपटी मी हजेरीच्या वहीत रोज बघते," त्या म्हणाल्या. "ही तुमची ना?"

मी म्हटलं, "हो."

दादा, ती फुली माझी आहे. तुला पहिल्या पत्रात लिहिलं, तपासणारा कोण हा मुद्दा नाही. मुद्दा नव्हता म्हणून नव्हे, माझ्या अंगाशी येणारा होता म्हणून.

फेब्रुवारीत मंडळाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही पाच परीक्षक बसलो होतो. उत्तरपत्रिकांवर नावं नसतात, फक्त क्रमांक. भाग 'क'चं आदर्श उत्तर वाचलं आणि मी उठून मुख्य परीक्षकाकडे गेले. म्हटलं, हे चूक आहे. ते म्हणाले, "असेल. पण आपण इथे उत्तरपत्रिकेप्रमाणे तपासायला बसलोय, उत्तरपत्रिका तपासायला नाही. फार वाटत असेल तर लेखी द्या, मग तुमचा गठ्ठा दुसऱ्याला देऊ." आकृतीतली सावली मी तेव्हाच ओळखली होती. लेखी द्यायचं म्हणजे परत तुझ्याविरुद्ध उभं राहायचं, परत माझं नाव 'ती भांडखोर बहीण'. मला कंटाळा आला होता, दादा. मी बसले. माझ्या गठ्ठ्यात दोनशे बारा उत्तरपत्रिका होत्या. भाग क बरोबर लिहिणारे एकतीस निघाले. एकतीस फुल्या मी मारल्या. एकीतला बाण इतका नीट उलट काढलेला होता की मी क्षणभर थांबले. मग मारली.

बाईंना हे सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या भावाला तेव्हा येत नव्हतं, आणि तुम्हाला येत होतं."

"हो."

"मग चूक त्यांची. हे तुमचं दुसरंच काहीतरी आहे."

प्रत घडी करून पिशवीत घातली आणि गेल्या. दोन दिवस वर्गाला आल्या नाहीत.

मी मंडळाला लेखी निवेदन दिलं आहे: मी परीक्षक होते, उत्तर बरोबर आहे हे ठाऊक असून गुण दिले नाहीत. परीक्षकाने तोंड उघडायचं नसतं, त्यामुळे माझ्यावर कारवाई होईल. होऊ दे. पण निवेदन परीक्षकाचंच असल्यामुळे त्यांना सुनावणी घ्यावी लागतेय. चौदा तारखेला, सकाळी अकराला. तू येशीलच, तुला बोलावलंय.

माझा राग गेलाय असं समजू नकोस. उलट आता दोघांचा आलाय.


१५ एप्रिल

दादा,

काल तुझ्याशी एक शब्द बोलले नाही, म्हणून लिहिते.

तू खुर्चीत शिरल्यासारखा बसला होतास. केस किती पिकलेत तुझे. सचिव कायदा वाचत होते, सुनावणीच्या अध्यक्षबाई चष्मा पुसत होत्या, आणि वायंडरबाई मांडीवर कॉइल घेऊन बसल्या होत्या, दवाखान्यात रांगेत लेकरू घेऊन बसावं तशा. तुला विचारलं, आदर्श उत्तर कायम आहे का? तू म्हणालास, "कायम आहे." माझ्याकडे न बघता.

मग मी उठले. बॅटरी, बटण, कॉइल, दिवा मांडून भक्कन पेटवून दाखवला. अध्यक्षबाई विजेतल्या नव्हेत, त्या म्हणाल्या, "दिवा पेटला हे दिसलं. पण तज्ज्ञ शून्य म्हणतात. मी कोणावर विश्वास ठेवू?"

तिथे माझं डोकं फिरलं. मी दिवा काढून टाकला. म्हटलं, "कोणावरच ठेवू नका. ही कॉइलची दोन टोकं दोन हातांत धरा. मी बटण चालू करते आणि मग बंद करते. उत्तर शून्य असेल तर तुम्हाला काहीच कळणार नाही."

त्यांनी खरंच धरली! सरळ, विश्वासाने. बारा व्होल्टची बॅटरी, त्याने काय होतंय. मी बटण चालू केलं. काही नाही. माझं बोट बटणावर होतं.

"हात काढा!" तू ओरडलास. खुर्ची मागे पडली. "सोडा ती टोकं! शेकडो व्होल्टचा झटका बसेल!"

त्यांनी हात काढले. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "कशाचा झटका? शून्याचा?"

तू उभाच होतास. "शून्य नाही," म्हणालास. "तीन अँपिअर. उलट दिशेने."

सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं म्हणून एक गोष्ट कोणाला दिसली नाही. तू ओरडायच्या आधीच वायंडरबाईंनी बटणावरच्या माझ्या बोटावर आपला हात गच्च दाबून धरला होता. मी बटण बंद करणार नव्हते. शपथेवर सांगते, नव्हते. पण बाईंना खात्री नव्हती, आणि आज सकाळपासून मीही स्वतःला तेच विचारते आहे.


२८ एप्रिल

दादा,

निकाल लागला. दोनशे चौऱ्याऐंशी जणांना चार गुण वाढले, त्यातले एकोणसाठ पास झाले. वायंडरबाई एक्कावन्न. आज परवाना हातात पडला. दारावरची नोटीस त्यांनी ओल्या फडक्याने तासभर खरवडून काढली. मला पाच वर्षं परीक्षक म्हणून बंदी. नोकरी आहे.

आणि मंडळाच्या सूचनेत काय लिहिलंय पाहिलंस? "मुद्रणदोषामुळे." मुद्रणदोष! टंकलेखिकेला मेमो मिळालाय. एकोणीस वर्षं नोकरी झालेली बाई, तिने तू दिलेलं शून्य शून्यासारखं टाइप केलं हा तिचा दोष! सत्कार वाचावा म्हणून कोणाच्या गळ्यात घोंगडं अडकवताय तुम्ही? एकदा उभा राहून "शून्य नाही" म्हणालास तेव्हा मला माझा दादा दिसला होता. पंधरा दिवसांत परत खुर्चीत शिरलास?

मी वर्तमानपत्राला लिहिणार होते. पत्र तयार होतं. वायंडरबाई म्हणाल्या, "तुम्ही नका लिहू. तुम्ही लिहिलंत की ते भावाबहिणीचं भांडण होतं. त्यांचं त्यांना लिहू द्या." म्हणून ते पत्र फाडलं आणि हे लिहितेय.

बाई वर्गाला परत येतात. माझ्याशी कामापुरतं बोलतात. काल मी माफी मागितली तर म्हणाल्या, "माफीचं राहू द्या. सोमवारी नवीन तुकडी सुरू होतेय ना? कॉइलचा धडा मी घेणार. तुम्ही बाकावर बसायचं."


१३ मे

दादा,

तू मंडळाला लिहिलेल्या पत्राची प्रत शनिवारी पोचली. "मुद्रणदोष नव्हता. उत्तर मी लिहिलं. चूक दाखवल्यावर ती मी ओळखली आणि तरी कायम ठेवली. मेमो मला द्यावा." चार वाक्यं. वहिनी म्हणाली, सत्कार रद्द झाला आणि तू त्या दिवशी पोटभर जेवलास.

काल तू वर्गात येशील असं मात्र वाटलं नव्हतं. दाराशी उभा राहिलास, छत्रीवर रेलून, आणि मी तिसऱ्या बाकावर वही उघडून बसलेली. माझी फजिती बघायला आला असशील तर तिकीट वसूल झालं.

बाईंनी धडा काय घेतला! एकही सूत्र न लिहिता आधी दिवा पेटवला, मग दाताची गोष्ट सांगितली, मग आकडे. आणि तू, एवढा मोठा पेपर काढणारा, तू हात वर केलास. "बाई, आठच्या जागी सोळा ओहम लावला तर?"

त्यांनी तुला ओळखलं. खडू हातातच ठेवून तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी बोलणार, आणि बोलायला हवंच होतं. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा."

मी उभी राहिले. पंचवीस वर्षं शिकवतेय, पण बाकावरून उत्तर द्यायची ही पहिलीच वेळ. "कॉइलमधला करंट तोच, तीन अँपिअर. तीन सोळे अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस व्होल्ट. पण विझेल लवकर." तू मागून मान हलवलीस. सहा वर्षांत आपलं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं.

"बरोबर," बाई म्हणाल्या. मग तुझ्याकडे बघून, "तुम्हालाही येतं, यांनाही येतं. येऊन काय केलंत ते आम्ही पाहिलं. आता दोघंही खाली बसा, मागच्यांना फळा दिसत नाही."

सगळ्या वर्गात माझ्याच बाकावर जागा होती.